गरम झाली की बंद पडते: जुन्या फोर-बाय-फोरचं दुखणं कसं पकडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९०च्या दशकातली पेट्रोल फोर-बाय-फोर. सहा सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, डिस्ट्रिब्युटर असलेलं इंजिन. सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू होते, तीस-चाळीस मिनिटं झकास चालते. मग चढावर, लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) सावकाश जाताना एकदम बंद. वीस मिनिटं बॉनेट उघडून बसलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, फिल्टर आणि टाकीतला पंप, सगळं नवीन टाकून झालं, तरी रडगाणं तेच. पंप बदलला कारण गाडी बंद पडल्यावर पंपाचा आवाज येत नव्हता. आता मिस्त्री म्हणतोय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, बदलू.

ईसीयूला आज हात लावू नका. पंप बदलण्याचं जे कारण तुम्ही दिलंय, त्यातच बहुधा उत्तर आहे.

इंजेक्शनच्या गाडीत पंप स्वतःच्या मर्जीने चालत नाही. किल्ली ऑन केली की ईसीयू त्याला दोन-तीन सेकंद चालवतो. त्यानंतर इंजिन फिरतंय अशी खबर मिळत राहिली तरच पंप चालू ठेवतो. ही खबर देतो क्रँक सेन्सर, काही इंजिनांत डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप. खबर थांबली की ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं. मग तो पंप बंद करतो, इंजेक्टर बंद करतो आणि ठिणगीही बंद करतो. अपघातात गाडी उलटली तर पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून केलेली ही सोय आहे. त्यामुळे बंद पडलेल्या गाडीत पंप शांत असणं यात नवल काहीच नाही. पंप थांबला म्हणून इंजिन थांबलं की इंजिन थांबलं म्हणून पंप, हे रस्त्याच्या कडेला उभं राहून कान लावून कळत नाही. या एका गफलतीपायी चांगले पंप भंगारात गेलेले मी पाहिलेत. सुरुवातीच्या वर्षांत दोन मी स्वतः घातलेत.

म्हणून पार्ट बदलायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची: आधी काय मेलं, करंट की पेट्रोल? आणि हे बंद पडण्याच्या क्षणीच बघावं लागतं. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली की पुरावा गेला.

त्या क्षणाकडे कसं बघायचं ते सांगतो. करंट गेला तर इंजिन किल्ली फिरवल्यासारखं गप्प होतं. धक्का नाही, खोकणं नाही. पेट्रोल गेलं तर ते कुरकुरत मरतं. आधी जोर कमी होतो, ॲक्सिलरेटर दाबला तर उलट दबकतं, दोन-चार आचके देतं आणि मग थांबतं. तिसरा प्रकार, गाडी चालताना ठणठणीत पण क्लच दाबून थांबायला गेलं की बंद. हा आयडलिंगचा आजार, त्याची वाट वेगळी. तुम्ही ‘एकदम’ लिहिलंय, म्हणून माझा कल करंटकडे आहे. पण चालवणाऱ्याच्या ‘एकदम’वर मी पूर्ण भिस्त ठेवत नाही. चढावर लो रेंजमध्ये इंजिन इतकं सावकाश फिरत असतं की पेट्रोलचं मरणसुद्धा झटक्यात झाल्यासारखं वाटतं.

म्हणून साक्षीदार दोन ठेवा. पहिला डॅशबोर्डवरच आहे, टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गिअरमध्ये जाताना इंजिन मेलं आणि क्लच दाबला नाही, तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत काट्याकडे बघा. इंजिन फिरतंय तरी काटा सपकन शून्यावर पडला, तर सिग्नलच गेला: क्रँक सेन्सर, पिकअप, इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा डबा) किंवा सगळ्यांचा मिळून वीजपुरवठा. काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला, तर इग्निशन शाबूत आहे, पेट्रोलकडे वळा. (डिझेलवाल्यांनी हे करू नये. बऱ्याच जुन्या डिझेलमध्ये टॅकोमीटर अल्टरनेटरवर चालतो, तो काहीच सांगणार नाही.)

दुसरा साक्षीदार टेस्ट लॅम्प. पंपाच्या रिलेतून जी वायर पंपाकडे जाते, तिच्यावर फ्यूज घालून एक लांब वायर जोडा, ती आत घ्या आणि डॅशवर छोटा बल्ब लावा. बल्ब चालू म्हणजे पंपाला वीज आहे. आता दोन्ही एकत्र वाचा. काटा आधी पडला आणि सेकंद-दोन सेकंदांनी बल्ब विझला, तर खबर देणारा मेला. बल्ब आधी विझला आणि मग इंजिन कुरकुरत मेलं, तर रिले किंवा पंपाची वायरिंग. काटा आणि बल्ब एकाच क्षणी गेले आणि किल्ली ऑन असूनही चेक इंजिनचा दिवा लागला नाही, तर ईसीयूची वीजच तुटते आहे. काटा पडला पण बल्ब तसाच जळत राहिला आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास आला, तर इग्निशन मॉड्यूल किंवा कॉइल. बल्ब शेवटपर्यंत चालू, काटाही नीट, तरी गाडी मेली, तर टाकी ते इंजेक्टर या वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

ही परीक्षा चढावर घेऊ नका. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या सर्व्होत एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. चढावर बंद पडलीच तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, हँडब्रेक ओढा, लो रेंजचा रिव्हर्स टाका आणि गिअरमध्येच हळू मागे उतरा. न्यूट्रलमध्ये मागे सोडायची नाही. गाडी गरम करायची तर तासभर चालवा, मग सपाटीवर बॉनेट बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगला उभी करा. हवा नाही आणि सगळी उष्णता आत कोंडलेली. चढावर लो रेंजमध्ये नेमकं हेच होत असतं, म्हणून तुमची गाडी तिथेच मरते.

आता माझ्या मते जो गुन्हेगार आहे त्याच्याकडे येऊ.

क्रँक सेन्सर दोन वायरींचा असेल तर आत लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन त्या तारेत कुठेतरी चीर पडते. थंड असताना दोन टोकं टेकलेली राहतात. गरम झालं की भोवतालचं प्लास्टिक फुगतं, टोकं सुटतात. वीस मिनिटांनी निवलं की पुन्हा टेकतात. तुमच्या तक्रारीचा ‘थांबलं की चालू’ हा भाग असाच जमतो. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर बसतो, आणि सायलेन्सरचा पाइप तिथून वीतभरावरून गेलेला असतो.

मल्टिमीटर लावा. थंड असताना रोध साधारण दोनशे ते हजार-बाराशे ओहमच्या दरम्यान कुठेतरी मिळेल. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. खरं वाचन बंद पडल्यावर लगेच घ्यायचं. कनेक्टर सोडवून मीटर लावला आणि अनंत दाखवलं, तर शोध संपला. रोध ठीक दिसला तरी मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारून बघा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त यायला हवं. सेन्सर तीन वायरींचा असेल तर तो बहुतेक हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला आहे, त्याचा रोध मोजण्यात अर्थ नाही. त्याला पुरवठा पोचतोय का आणि इंजिन फिरवताना सिग्नल खाली-वर होतोय का, एवढंच बघायचं.

मीटर नसेल तर पाण्याची बाटली चालेल. गाडी मेली की गाडीखाली हात घालून सेन्सरवर, फक्त सेन्सरवर, थोडं थोडं पाणी सोडा. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी गेलं तर बीड तडकतं, म्हणून धार लावू नका, ओलं फडकं दाबून धरलं तर आणखी बरं. वीस मिनिटांऐवजी दोन मिनिटांत चालू झाली, तर आणखी काही विचारायला नको. उलटी परीक्षाही होते: गार गाडी चालू ठेवून सेन्सरवर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सोडायची. हीट गन नको, प्लास्टिक वितळतं आणि मग नवीनच भानगड.

तुम्ही म्हणाल, सेन्सर तर मागच्या वर्षी बदललाय. बदललाय म्हणजे चांगला आहे असं नाही. स्वस्तातले सेन्सर पहिल्याच उन्हाळ्यात तेच करतात. शिवाय चिखलातून जाणाऱ्या गाडीत सेन्सरच्या तोंडाला लोखंडाचा भुगा चिकटतो. हे तोंड फिरणाऱ्या दात्यांपासून जेमतेम मिलिमीटरभर लांब असतं. काढा, पुसा, भुगा किती आहे ते बघा.

तुमचा सिग्नल डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपवरून जात असेल आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी) प्लेट असेल, तर प्लेटबरोबर हलणाऱ्या दोन वायरी बघा. प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबला की त्या थोड्या वाकतात. वीस-तीस वर्षं वाकून आतलं तांबं तुटतं, बाहेरचं रबर मात्र शाबूत. बघून कळत नाही. दोन बोटांत धरून अलगद ओढा. चांगली वायर ओढली तरी तेवढीच राहते, आत तुटलेली रबरबँडसारखी ताणते. एकदा हाताला हे कळलं की पुढे अंधारातही सापडते.

मॉड्यूलचंही असंच. तो ज्या पत्र्यावर बसतो, त्याच्याखाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट असते. कुणीतरी तो काढला, पेस्ट पुसली आणि कोरडाच बसवला, तर तो गरम होऊन मरायला लागतो. पेस्ट लावून बघा आणि मगच नवीन घ्या.

आता वीज. उष्णतेपेक्षा खड्ड्यांवर किंवा एक चाक वर चढल्यावर बंद पडत असेल, तर मी सेन्सर सोडून आधी अर्थिंगकडे जातो. माझ्याच गाडीची गोष्ट. बॉडी सोलून रंगवून आणली आणि महिनाभरात ती नाल्याच्या पात्रात मरायला लागली. उजवं पुढचं चाक दगडावर चढलं की बंद, उतरलं की चालू. तीन आठवडे मी सगळं तपासलं, आणि कारण निघालं फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) अर्थच्या थिंबलखालचा, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीखालचा, नवा कोरा रंग. नट घट्ट होता, म्हणून मी तिथे दोनदा बघून पुढे गेलो होतो. चाक चढलं की बॉडी पिळवटायची आणि रंगावर कसंबसं टेकलेलं थिंबल सुटायचं. तेव्हापासून अर्थ मी डोळ्यांनी तपासत नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या धातूवर, मग बॉडीवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर किंवा जोड खराब. मॅन्युअल वाचायच्या आधी हे करा, पाच मिनिटांचं काम आहे.

याच घरातले आणखी तीन चोर: इंजिनचे माउंट बसले की इंजिन डुलतं आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ओढला जातो. मेन रिलेच्या आतलं सोल्डर तडकतं, गरम झालं की उघडतं. तो जागेवरच ठेवून त्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली की कधीकधी चालू गाडी बंद पडून दाखवते. आणि इग्निशन स्विच. किल्लीला घरच्या, कपाटाच्या, सगळ्या चाव्यांचा जुडगा लटकवायची सवय असेल तर आतले काँटॅक्ट झिजतात. गाडी चालू असताना किल्ली थोडी हलवून बघा. काही गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारा स्विच असतो. तो पडला तर गाडी निवल्याने परत चालू होत नाही, बटण दाबावं लागतं. तुमचा तो प्रकार नाही.

साक्षीदारांनी पेट्रोलकडे बोट दाखवलं तर? तिथेही ‘वीस मिनिटांनी चालू’ बसतं, आणि म्हणूनच लोक फसतात. टाकीच्या तळाचा गंज, चिखल, जुन्या पेट्रोलचा गाळ पंपाच्या जाळीला येऊन चिकटतो. अर्ध्या तासात जाळी लिंपून निघते, गाडी मरते. पंप थांबला की ओढ संपते, गाळ खाली पडतो, गाडी पुन्हा चालू. फ्यूएल रेलला प्रेशर गेज लावून तो बाहेरून, वायपरखाली काचेवर अडकवा. पेट्रोलचा पाइप कधीही केबिनमध्ये घ्यायचा नाही. बहुतेक मल्टिपॉइंट गाड्यांत प्रेशर अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान असतं, आणि मरायच्या आधी ते उतरताना डोळ्यांनी दिसतं. तुम्ही पंप नवीन टाकलाय, तर एक विचारतो: टाकीच्या आत पंपाला जोडलेला वीतभर पाइप कुठला लावला? फ्यूएल लाइनचा साधा रबरी पाइप आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही. पेट्रोलमध्ये बुडवला की फुगतो, चिरतो, आणि पंप टाकीतल्या टाकीतच पेट्रोल फिरवत बसतो. त्याला बुडवून ठेवायचाच वेगळा पाइप लागतो.

टाकीला श्वास मिळत नसेल तरी हेच होतं. जितकं पेट्रोल जातं तितकी हवा आत यावी लागते. एक गाडी माझ्याकडे आली, दर चाळीस मिनिटांनी बंद. मी पेट्रोलचं झाकण उघडलं तर फुस्सकन हवा आत ओढली गेली. हवेच्या पाइपाचं टोक शोधलं, तर त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, वर व्यवस्थित लिंपून बंद केलेलं. तारेने कोरून काढलं आणि काम झालं. बंद पडल्या पडल्या झाकण उघडून ऐकायचं. ही परीक्षा फुकट आहे, आजच करा.

टाकी पाव भरलेली असताना फक्त चढावरच मरत असेल, तर आजार नाहीच, पेट्रोल मागे सरकतं आणि टाकीतलं पेट्रोल ओढणारं तोंड उघडं पडतं. टाकी भरून तोच चढ चढून बघा.

ज्यांच्या गाडीला अजून कार्ब्युरेटर आहे त्यांचं थोडं वेगळं. पेट्रोल इंजेक्शनमध्ये दाबाखाली असतं, सहजी उकळत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते इंजिनच्या उष्णतेने पाइपातच वाफ होतं आणि पंप वाफ ओढत बसतो. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, पंपावर ओलं फडकं टाकून फरक पडतो का बघा. आणि तिरक्या चढावर मरत असेल तर फ्लोटची (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या डबीची) पातळी तपासा. ती जास्त असेल तर तिरप्या गाडीत पेट्रोल सांडून इंजिन ओव्हर होतं.

आयडलिंगला मरणाऱ्यांसाठी लांबण लावत नाही. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह यांचा कार्बन साफ करा (व्हॉल्व्हची सुई बोटांनी दाबून आत ढकलू नका, तिचे आटे जातात), व्हॅक्यूमचे कडक झालेले पाइप बदला, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का बघा. गरम झाल्यावर काळा धूर आणि काजळलेले प्लग असतील, तर ईसीयूचा तापमान सेन्सर बघा. तो डॅशच्या काट्याच्या सेन्सरपेक्षा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो. साधारण २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असा तो उतरत जायला हवा. उतरत नसेल तर ईसीयू गरम इंजिनाला थंड समजून पेट्रोल पाजत राहतो.

पाण्यातून जाताना मेली तर मात्र यातलं काहीही करायच्या आधी थांबा. सेल्फ मारू नका, ढकलूही नका. एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवा. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि ईसीयू? तो कधीच दोषी नसतो असं नाही. त्या काळच्या बऱ्याच ईसीयूंमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आता गळायला लागलेत. पण विकत घ्यायच्या आधी तो नुसता उघडता येतो. झाकण काढा आणि वास घ्या. मासळीसारखा वास आला आणि बोर्डावर कपॅसिटरच्या पायाशी तपकिरी डाग दिसला, तर संशयाला जागा आहे. कोरडा, स्वच्छ बोर्ड असेल तर झाकण लावून परत बसवा.

तेव्हा क्रम असा ठेवा: आज पेट्रोलच्या झाकणाची परीक्षा आणि अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप. उद्या बल्ब लावून गाडी गरम करा, काटा आधी पडतो की बल्ब ते बघा. माझ्या अंदाजाप्रमाणे काटा पडला आणि सेन्सर बदलायची वेळ आली, तर नवीन सेन्सरची वायर जुन्याच वाटेने, त्याच क्लिपांतून न्या. जुन्या गाड्यांत त्या क्लिपा तुटलेल्या असतात आणि वायर सायलेन्सरच्या पाइपावर जाऊन टेकते. सेन्सरजवळ पत्र्याचं हीट शील्ड बसायचे भोक रिकामं दिसलं, तर ते शील्ड आधीच्या कुणीतरी काढून फेकलंय. तसाच पत्रा कापून लावा, नाहीतर नवा सेन्सरही त्याच चढावर मरेल.